बोहणीची पेशी

"बोहणी झाल्याशिवाय कोणाले आत पाठवू नका, बाई."

बंद दाराआडून हा आवाज आला तेव्हा मी त्या दाराबाहेर स्टुलावर बसले होते. मांडीवर फाइल, फाइलमध्ये माझी सगळी प्रमाणपत्रं. दारावरच्या पाटीवर मेंदूच्या पेशींची प्रयोगशाळा असं इंग्रजीत लिहिलेलं होतं. बोहणी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, भाजीवाल्याकडे असते, पानठेल्यावर असते, एवढं मला ठाऊक होतं. प्रयोगशाळेत काय विकतात ते कळेना. शेजारी उभ्या असलेल्या मावशींनी, म्हणजे तिथल्या परिचर बाईंनी, ओठांवर बोट ठेवून मला गप्प राहायला सांगितलं. मी तशीही काही बोलणार नव्हते.

वीसेक मिनिटांनी आत टेबलावर दोनदा टकटक झाली.

"लागली," मावशी म्हणाल्या. "जा वं आता. चप्पल इथंच काढ. आन सेंट मारला असन त घरी जा."

आत पडदे ओढलेले होते. तारेच्या एका मोठ्या पिंजऱ्यात सूक्ष्मदर्शक होता आणि त्याच्यापुढे एक सडपातळ गृहस्थ वाकून बसले होते. त्यांच्या तोंडातून लाल रबरी नळी निघून पिंजऱ्यात गेली होती. ती न काढताच, दातांच्या फटीतून त्यांनी मला मुलाखतीतला एकमेव प्रश्न विचारला.

"श्वास किती वेळ रोखता येते तुले?"

मी गुणपत्रिका पुढे केली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. मी मनात मोजलं आणि म्हणाले, "पंचेचाळीस सेकंद असेल."

"चालते."

पुढची पाच वर्षं मी त्या खोलीत काढली. त्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, इथेही तेवढंच म्हणणार आहे.

सर काय करायचे ते आधी सांगायला हवं. मेंदूतली एक पेशी दुसरीला निरोप पाठवते तो एका रसायनातून. दुसऱ्या पेशीच्या पातळ कातडीत बारीक दारं असतात. रसायन दाराला लागलं की दार उघडतं, बाहेरचे विद्युतभारित कण आत शिरतात आणि नाममात्र वीज वाहते. ती वीज मोजणं हे आमचं काम. पुस्तकांत या रसायनाचंच कौतुक असतं. सरांना त्यात रस नव्हता. "बाहेरचा त फक्त कडी वाजवते," ते म्हणायचे. "दार किती उघडाचं, किती वेळ उघडं ठेवाचं, थे घरातले ठरवते." घरातले म्हणजे पेशीच्या आतले रेणू. ते दाराला आतल्या बाजूने येऊन लागतात, काही तुकडा जोडतात, काही काढून नेतात, आणि तसं दाराचं वागणं बदलतं. सरांचं आयुष्य या घरातल्यांची चौकशी करण्यात गेलं.

चौकशीची रीत अशी. सकाळी उंदराच्या मेंदूची कागदासारखी पातळ कापं करायची. उंदीर हातात घेताना सर दर वेळी "माफ कर बापा" असं पुटपुटायचे, एकदाही विसरले नाहीत. कापं खाऱ्या पाण्यात, प्राणवायूचे बुडबुडे सोडत, दिवसभर जिवंत ठेवायची. मग केसाहून बारीक टोकाची काचेची नळी एका पेशीला टेकवायची आणि रबरी नळीतून तोंडाने हलकेच हवा ओढायची, बशीतला शेवटचा चहा आवाज न करता ओढावा तशी. कातडी काचेला घट्ट चिकटली की आणखी थोडं ओढून तिला भोक पाडायचं. मग काचेतलं पाणी आणि पेशीतलं पाणी एक होतं. काचेत जो रेणू भरला असेल तो पेशीच्या घरात शिरतो, आणि दार काय करतं ते पाहत बसायचं.

पेशी चिकटायच्या क्षणी खोलीत कोणी श्वास घ्यायचा नाही. पंखा बंद, कूलर बंद, एसी बंद, कारण प्रत्येकाची घरघर मोजणीत उतरायची. मे महिन्यात दुपारी दोनला नागपुरात पंखा बंद करून बसणं काय असतं ते मी सांगत नाही. सर डोक्यावर ओला दुपट्टा बांधून बसायचे. एकदा बाहेरून आलेल्या एका मोठ्या पाहुण्यांना नेमकी त्या क्षणी शिंक आली. सरांनी तुटलेली काच पुडीत बांधून त्यांना दिली. "आठवण म्हणून ठेवा," म्हणाले. पाहुणे हसले. सर हसले नाहीत.

आता बोहणी. सरांच्या वडिलांची लकडगंजात लाकडाची टाल, म्हणजे वखार, होती आणि सरांचं लहानपण भुशात गेलं. वडिलांचा नेम असा की दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक सरळ, बिनगाठीच्या लाकडाचं. गाठीचं लाकूड मागणारा सकाळी आला तर त्याला बाकावर बसवायचं, चहा पाजायचा, पण माल द्यायचा नाही. "दुपारी घेऊन जा गा." सरांनी टाल सोडली, नेम सोडला नाही. आमच्याकडे सरळ लाकूड म्हणजे साधी पेशी, जिच्यात काचेतून काही वेगळं घातलेलं नाही. गाठीचं लाकूड म्हणजे जिच्या आत सरांच्या चौकशीतला रेणू सोडला आहे ती. त्या रेणूला आम्ही औषध म्हणायचो, ते कुणाचं औषध नसलं तरी. सकाळी साध्या पेशी, जेवणानंतर औषधाच्या. सरांच्या आधी कोणी खोलीत आलं तरी पहिली पेशी साधीच. बोहणी खराब झाली तर दिवस खराब, हे सर इतक्या शांतपणे सांगायचे की थट्टा करताहेत की काय ते कळायचं नाही. थट्टा नव्हती.

दर शनिवारी चार वाजता आम्ही आठवड्याचा निकाल मावशींना सांगायचो, तोही मराठीत. मावशी कुहीकडच्या, धानाच्या गावच्या, सातवी शिकलेल्या. त्या स्टुलावर बसायच्या, आम्ही उभे. त्यांना कळलं नाही तर निकाल धरायचा नाही, हा सरांचा नियम. "इंग्रजीत चूक लपते," ते म्हणायचे. "मराठीत तिले जागा नाही भेटत." माझं शिक्षण नर्सरीपासून इंग्रजीत. घरी मराठी होती, पण घरात बोलायचं काम आईबाबा करायचे. पहिल्या शनिवारी मी सहा मिनिटं उभी राहिले आणि दोन वाक्यं बोलले. मावशी म्हणाल्या, "हे पोरगी बोलून राहिली का मोजून राहिली?" सगळे हसले. सरांनी मात्र माझी वही मागून घेतली, सगळी पानं उलटली, आणि पुढच्या शनिवारी सगळ्यांना दाखवली. "हे पाहा. अशी लिवतात वही. खाडाखोड बी तारखेसकट."

त्यानंतर माझ्याकडे कोणी बोलण्याची अपेक्षा केली नाही. मला ते सोयीचं होतं.

निकाल सांगून झाला की सर एकच प्रश्न विचारायचे. "अजून काय असू शकते?" तुम्ही सांगितलं की दार या कारणाने बंद झालं, तर दुसरं काय कारण असेल? एक सांगितलं की पुन्हा, "अजून?" तिसऱ्या "अजून"ला भलेभले रडकुंडीला यायचे. या प्रश्नाने त्यांनी एकाचं दोन वर्षांचं काम माझ्या डोळ्यांदेखत मोडीत काढलं. कारण काय, तर तो मुलगा दर मंगळवारी नवी काच वापरायचा, आणि त्याचा परिणामही मंगळवारीच दिसायचा. असे होते सर. कोणाच्या पायातली चप्पल, कोणाच्या केसांचं तेल, खिडकीतलं ऊन, काहीही त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही.

आणि त्यांचा स्वतःचा एक शोधनिबंध होता, एकच मोठा, मी येण्याच्या कितीतरी आधीचा. त्यात दाखवलं होतं की सरांचा तो रेणू पेशीच्या आत सोडला की दारं हळूहळू मिटत जातात. बाहेर कडी वाजत राहते, घरातला दार लोटून घेतो. साध्या पेशी आणि औषधाच्या पेशी एकाच दिवशी, एकाच मेंदूच्या कापांवर मोजल्या आहेत, असं त्यात ठळक लिहिलं होतं. ते खरंच होतं. उन्हाळ्यात परिणाम जास्त दिसतो, हेही लिहिलं होतं. "औषधाले गर्मी मानवते," सर म्हणायचे.

माझा प्रबंध याच रेणूवर. पाचव्या वर्षीच्या एका शनिवारी मी मावशींना आलेख दाखवला. सकाळची रेघ सरळ, दुपारची उतरती. मावशी पदराने वारा घेत होत्या. "दुपारी त मी बी अशीच उतरते," त्या म्हणाल्या. "मले कोणतं औषध देता तुमी?" सगळ्यांत जास्त सर हसले. मीही हसले, आणि सवयीप्रमाणे ते वाक्य तारखेसकट वहीत लिहिलं.

एप्रिलच्या शेवटी मावशींच्या मुलीचं लग्न होतं, कुहीला. सगळी प्रयोगशाळा गेली. सर दोन दिवस राहायलाच गेले, पंगतीत वाढायला उभे राहिले म्हणे. मला लग्नांची भीती वाटते, ओळखीच्या लोकांत तर जास्त. मी काम आहे म्हणाले आणि काम करायला आले.

त्या सकाळी मी शीतकपाटातून चुकीची कुपी काढली. साध्या द्रावणाऐवजी औषधाची. लक्षात आलं तोवर ती वितळली होती. ती पुन्हा गोठवता येत नाही, फेकावी लागते, आणि ती एक कुपी करायला आठवडा जातो. खोलीत कोणी नव्हतं. मी औषध काचेत भरलं आणि दिवसाची पहिली पेशी धरली. चोरी करताना लावावी तशी मी दाराला आतून कडी लावली होती, एवढ्याशा गोष्टीसाठी.

दार मिटलं नाही.

मी अर्धा तास पाहत बसले. रेघ सरळच. कुपी खराब असेल म्हणून दुसरी काढली. तिसरी पेशी, चौथी पेशी. दारं सकाळच्या साध्या पेशीसारखी उघडत राहिली. मग मी डबा न खाता दुपारी साधं द्रावण भरलं, ज्यात औषधाचा थेंब नाही, आणि पेशी धरली. पाच मिनिटांत रेघ उतरायला लागली. निबंधातली रेघ. तीच, तशीच, तेवढीच.

मला आधी काही वाटलंच नाही. मी पिंजऱ्याच्या तारेला हात लावला, ती तापलेली होती. पिंजऱ्याशेजारी, खाऱ्या पाण्याच्या भांड्यात, सकाळी कापलेले मेंदूचे तुकडे आठ तास उकाड्यात पडून होते. त्यांच्यातले दार उघडं धरून उभे असणारे रेणू थकले होते, संपत आले होते. दारं म्हणून मिटत होती. औषध दिलं तरी, न दिलं तरी. इतकी वर्षं औषध दुपारीच दिलं गेलं होतं, कारण टालीवर गाठीचं लाकूड दुपारी विकायचे. मला मावशींचा पदर आठवला, वारा घेणारा.

पुढचे चार रविवार मी एकटी आले आणि उलटंसुलटं करून पाहिलं. एकदाही चुकलं नाही.

मी कोणालाही सांगितलं नाही. सगळं वहीत लिहिलं. सकाळी औषध, दुपारी साधं, आलेख चिकटवले, खाली लिहिलं की परिणाम औषधाचा नसून वेळेचा दिसतो. मराठीत लिहिलं. मला वाटलं, माझ्याऐवजी वही बोलेल. शनिवारी वह्या सरांकडे जायच्या आणि सोमवारी प्रत्येक पानाखाली हिरव्या शाईची सही होऊन परत यायच्या.

सोमवारी वही आली. त्या पानाखालीही हिरवी सही होती.

मी ती सही किती वेळा पाहिली ते सांगता येणार नाही. निकालाचा धक्का मी सोसला होता. हा सोसेना. ज्या माणसाने मंगळवारच्या काचेपायी एकाची दोन वर्षं मोडीत काढली, त्याने हे पान पाहिलं, सही केली, आणि दुपारी डोक्यावर दुपट्टा बांधून पुन्हा औषधाची पेशी धरली. माझ्याशी तो तसाच बोलत होता. "पोरी, जेवली काय?" असं विचारत होता. म्हणजे त्यांना ठाऊक आहे, असं मी धरून चालले. त्यांना आधीपासूनच ठाऊक असणार. पुढचे रविवारही मी लिहीत गेले, दर सोमवारी हिरवी सही होऊन येत गेली, आणि दर वेळी माझ्या मनात ते आणखी थोडे खोटे ठरत गेले. मावशी म्हणाल्या, "काहून वं, सरांशी भांडली का?" मी मान हलवली. भांडायला बोलावं लागतं.

जूनच्या शेवटी सर निवृत्त होणार होते. निरोपाचं व्याख्यान ठरलं. तिथे मी काय बोलले ते शेवटी सांगते. नंतर काय झालं ते आधी सांगून टाकते, म्हणजे त्या दिवसाशी थांबता येईल.

व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सर आले. निवृत्त झालेला माणूस, हातात डबा. मला म्हणाले, "औषध काढ." पहिली पेशी त्यांनी औषधाची धरली. टेबलावर टकटक केली नाही. अकरा दिवस ते असे येत राहिले आणि त्या अकरा दिवसांत माझ्याशी कामापुरतं बोलले. बाराव्या दिवशी त्यांनी निबंध मागे घेण्याचं पत्र लिहिलं. आधी मराठीत, मग मला म्हणाले, "इंग्रजी तू कर. पण मऊ नको करू."

पत्र टाईप करताना मी विचारलं. पाठ त्यांच्याकडे होती म्हणूनच विचारता आलं. "सर, वहीवर सही होती तुमची."

मागे डब्याचं झाकण लागलं. मग म्हणाले, "सगळ्यायच्या वह्या वाचतो मी. तुही वही नाही वाचत."

"काहून?" माझ्या तोंडून त्यांच्याच बोलीतला शब्द गेला.

"भरोसा होता न तुह्यावर." आणि डबा उचलत, "बोहणीवर बी असाच होता."

मी टाईप करत राहिले. दोन महिने मी ज्याला लबाड समजत होते, त्याने माझी वही वाचली नव्हती, आणि ती न वाचण्याचं कारण मीच होते. त्या पत्रात ते लिहायला जागा नव्हती, म्हणून इथे लिहिते.

घरातले दार ठरवतात, हे सरांचं म्हणणं खरंच निघालं. फक्त त्यांनी ज्याचं नाव घेतलं होतं, तो दोषी नव्हता.

आता तो दिवस. सभागृह भरलेलं होतं. मावशी पहिल्या रांगेत, मुलीच्या लग्नातली साडी नेसून. मी भिंतीकडेच्या खुर्चीवर, उठून जाता येईल अशा जागी. सर इंग्रजीत बोलले, चांगलं बोलले. पडद्यावर त्यांच्या निबंधातला आलेख आला, सकाळची रेघ आणि दुपारची रेघ. मग त्यांनी टालीची गोष्ट सांगितली. सरळ लाकूड सकाळी, गाठीचं दुपारी. "इतकी वर्षं माझी पहिली पेशी साधीच होती," ते म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बारकाईने पाहत होते. त्यावर लपवलेलं काही सापडेना. ते खुश दिसत होते, नुसते खुश.

मग त्यांनी एका मुलीला उभं केलं. आमच्याकडे नुकतीच आलेली, बुटीबोरीच्या एका गिरणी कामगाराची मुलगी, शिष्यवृत्तीवर शिकणारी. ती लाजून उभी राहिली, अर्धीच, खुर्ची धरून. या रेणूचं काम आता ही पुढे नेईल, पुढची पाच वर्षं, सर म्हणाले. तिने मान खाली घातली. मी पाच वर्षांपूर्वी अशीच मान घातली होती.

व्याख्यान संपलं. सरांनी चष्मा काढला, आणि इंग्रजी सोडून, शनिवारच्या आवाजात, सगळ्या सभागृहाला विचारलं, "दार औषधानं मिटलं. अजून काय असू शकते?"

लोक हसले. हा त्यांचा प्रसिद्ध प्रश्न, उत्तराची कोणाला अपेक्षा नव्हती. सरांनी तरी रीत पाळली, इकडून तिकडे नजर फिरवली. "अजून?" ती नवी मुलगी वहीत काहीतरी लिहून घेत होती.

मी उभी राहिले तेव्हा खुर्ची मागे घासली गेली आणि सगळ्यांनी वळून पाहिलं. सरांनी चष्मा परत लावला. मी श्वास घेतला, पंचेचाळीस सेकंदांचा असतो तेवढा.

"सर, मावशींच्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी मी औषधानं बोहणी केली," मी म्हणाले. "दार उघडंच राहिलं."